पळसदेवचा काळा दगड कागदावर उतरताना

उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात बरंच ओसरलं, की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं. कॅमेरे घेऊन माणसं तिथं पोचतात. मॉनिटरवर दगडाचा कण न् कण दिसतो. तोच कृष्णधवल फोटो इंकजेटवर छापला, की सावलीतला खांब आणि त्यामागचा अंधार एकाच काळ्या डागात बुडतात.

दोष कॅमेऱ्यावर जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो.

शाईचा थेंब कागदावर पडला की पसरतो. त्यामुळे पन्नास टक्के मागितलेला करडा रंग बराच गडद उमटतो, आणि काळ्या टोकाला शाई कितीही वाढवली तरी काळेपणा वाढत नाही. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा, या मापावर मॅट कागदाचा सर्वांत गडद काळा साधारण १६ पाशी अडतो. मधल्या पायऱ्या तेवढ्याच जागेत सारख्या अंतरानं बसवाव्या लागतात. यालाच लिनिअरायझेशन म्हणतात. त्यासाठी २१ पायऱ्यांची पट्टी छापायची, दिवसभर वाळू द्यायची, स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्रानं एकेक पायरी मोजायची आणि क्वाडटोनरिपसारख्या प्रोग्रॅममध्ये आकडे भरून, कुठल्या छटेला किती शाई पडावी हे ठरवणारा वक्र दुरुस्त करायचा. यानं काळा जास्त काळा होत नाही. हरवलेल्या छटा परत मिळतात.

देवळाचे फोटो सोडले तरी बारामतीच्या फोटो स्टुडिओंनी हे करायलाच हवं, कारण तिथं पणजोबांचा जीर्ण फोटो मोठा करून भिंतीवर लावण्यासाठी येतो. पांढऱ्या पटक्याच्या चुण्या आणि पणजीच्या गडद नऊवारीचे काठ, दोन्ही टोकांचं बारीक काम त्याच एका फोटोत असतं. घरच्यांकडे दुसरी प्रत नसते. त्यात करडा रंग रंगीत शायांतून जुळवला, तर चेहरा एका उजेडात हिरवट आणि दुसऱ्या उजेडात लालसर दिसू शकतो. एप्सननं २००५ मध्ये काळ्याच्या तीन छटांच्या के३ शाया आणल्या, तेव्हा ही अडचण पुष्कळ कमी झाली. पण वक्र दुरुस्त करण्याचं काम छापणाऱ्याकडेच राहिलं.

मोजण्याचं यंत्र महाग असतं, हे खरं. तीन-चार स्टुडिओंनी मिळून एक घ्यावं. ते रोज लागत नाही. कागद किंवा शाई बदलली की पट्टी नव्यानं छापावी, मागे तारीख आणि कागदाचं नाव लिहावं आणि गिऱ्हाइकानं मागितली तर काउंटरवर काढून दाखवावी.