प्ररोचनेचे उत्तरदायित्व

१५ एप्रिल २०१६ रोजी ‘फॅन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २९ एप्रिलला, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. ‘फॅन’च्या प्रसिद्धीत जे गाणे अग्रभागी होते ते चित्रपटात नव्हतेच. ‘सैराट’च्या प्रसिद्धीत जे झाकलेले होते ते चित्रपटाचे मर्म ठरले. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकांना या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटायला हव्या होत्या. मराठी समीक्षेने ‘सैराट’वर विपुल लिहिले, पण ट्रेलर हा बाजाराचा व्यवहार असून समीक्षेचा त्याच्याशी संबंध नाही, हे आपले गृहीतक मात्र तिने अभावानेच तपासले.

‘फॅन’चे प्रकरण न्यायालयात गेले. निर्माती संस्था अंधेरी पश्चिमेची यशराज फिल्म्स. तक्रारदार तेव्हाच्या औरंगाबादमधील एक शिक्षिका. ‘जबरा फॅन’ हे गाणे प्रसिद्धीत पाहून त्या कुटुंबासह चित्रपटाला गेल्या, गाणे आढळले नाही, आणि त्यांनी ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने १०,००० रुपये नुकसानभरपाई व ५,००० रुपये खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तो आदेश कायम ठेवला. अखेर २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ट्रेलर हा करारातील प्रस्ताव नव्हे, आशयाविषयीचे वचनही नव्हे. त्यातील गाणी वा संवाद चित्रपटाची निव्वळ चर्चा व्हावी म्हणूनही वापरलेले असू शकतात, असे या निर्णयाचे सार आहे.

कायद्याच्या कक्षेत हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. प्रत्येक अपेक्षाभंगाची भरपाई मागता येऊ लागली तर कोणतीही कलाकृती निर्धोक राहणार नाही. परंतु कायदा जेथे थांबतो तेथे समीक्षेचे काम सुरू होते. करार नसलेले वचनही वचनच असते. कादंबरीचे शीर्षक, तिचे मलपृष्ठ, तिची प्रस्तावना हीदेखील अशीच वचने होत. झेरार जेनेत याने १९८७ च्या ग्रंथात संहितेच्या या उंबरठ्यांचाच विचार मांडला. हान्स रोबेर्ट याउसचे ‘अपेक्षाक्षितिज’ पदव्युत्तर वर्गांत शिकवले जाते, त्यावर टिपाही लिहवून घेतल्या जातात. मात्र एका प्रत्यक्ष प्रेक्षकाने आपल्या अपेक्षेची लेखी साक्ष दिली की ती हसण्यावारी न्यायची, हा कसला ग्रहणसिद्धान्त? प्रेक्षकाविना चालणारे प्रेक्षकशास्त्र ही आपल्या विद्यापीठीय व्यवहाराची जुनी खोड आहे.

ट्रेलर कसा घडतो हे पाहिले म्हणजे त्याची संहिता म्हणून असलेली योग्यता ध्यानात येते. दोन-अडीच मिनिटांच्या अवधीत पात्रांचे जग मांडायचे, संघर्षाची ठिणगी दाखवायची, मग संगीताच्या वाढत्या लयीवर तुटक दृश्यांची माळ ओवायची, पडदा काळा करून नाव व तारीख द्यायची आणि शेवटी एखादा विनोद वा धक्का राखून ठेवायचा, हा आता रुळलेला संकेत आहे. एका प्रसंगातील संवाद दुसऱ्याच प्रसंगातील चेहऱ्यावर बसवला जातो. चित्रपटात नसलेले संगीतही वापरले जाते. लेव्ह कुलेशोवच्या प्रयोगांनी दाखवून दिले होते की दृश्याचा अर्थ शेजारच्या दृश्यातून घडतो. अंधेरीतील संकलनकक्षात याच तत्त्वाचा रोज वापर होतो. तुकडे खरे असतात. त्यांची जुळणी एक नवेच विधान करते.

भारतीय नाट्यविचारात याला नाव आहे: प्ररोचना. पूर्वरंगाच्या शेवटी येणारे हे अंग कवीची, नाट्याची आणि सभेचीही प्रशंसा करून प्रेक्षकाला उन्मुख करते. तेव्हा ट्रेलर ही परकी व्यापारी उपटसुंभ गोष्ट आहे, हा आक्षेप टिकत नाही. फरक आहे तो उत्तरदायित्वाचा. सूत्रधार स्वतःच्या शब्दांत प्रशंसा करतो आणि ती ज्या सभेपुढे करतो तिच्यापुढेच नाटक उभे राहते. ट्रेलरचा सूत्रधार अदृश्य असतो. तो प्रशंसा करीत नाही, पुरावा दिल्याचा आभास निर्माण करतो. म्हणूनच मुलुंड-घाटकोपरच्या बहुपडदा चित्रपटगृहांतील प्रेक्षक त्याकडे जाहिरात म्हणून पाहतो, आणि तरीही त्यावर विसंबतो. त्याला भोळा ठरवणारी समीक्षा त्याचे हे दुहेरी वाचन समजून घेत नाही.

आता कसोटीचा प्रश्न. ट्रेलरमधले सारे चित्रपटात असावे, ही कसोटी बाळबोध आहे. ‘सैराट’च्या प्रसिद्धीत प्रेम आणि गाणी पुढे होती. ‘झिंगाट’वर चित्रपटगृहांत प्रेक्षक नाचले. हैदराबादेतील त्या घरातील हत्या आणि लहानग्याची रक्ताळलेली पावले यांची कल्पना त्यांना नव्हती. ही फसवणूक होती काय? ‘फॅन’च्या बाजूने कोणी असेही म्हणेल की तेथेही भक्तीचा उत्सव जाहिरातीत होता आणि चित्रपट त्या भक्तीच्या विषारी रूपाविषयी होता, मग भेद तो काय? भेद असा, की ‘सैराट’मध्ये ती गाणी चित्रपटाच्या पूर्वार्धात आहेत. प्रेक्षक आधी त्यांत रमतो, मग त्याचा तो आनंद कोणत्या समाजव्यवस्थेवर उभा होता याचा हिशोब चित्रपटच त्याच्यापुढे मांडतो. अपेक्षा कलाकृतीच्या आत मोडते, म्हणून तिचे मोडणे अर्थपूर्ण होते. ‘जबरा फॅन’ मराठीसह अनेक भाषांत ऐकवले गेले. चित्रपटाने ते उचलले नाही, नाकारलेही नाही. ती अपेक्षा कलाकृतीच्या बाहेर बेवारस राहिली.

प्ररोचनेने जागवलेली अपेक्षा कलाकृती स्वीकारते, वाकवते, मोडते की टाकून देते, हा शुद्ध वाङ्मयीन प्रश्न आहे. तो टाळून समीक्षा आपले सोवळे राखते खरी, पण प्रेक्षक ज्या दारातून आत येतो ते दारच तिच्या अभ्यासाबाहेर राहते. न्यायालयाने त्या शिक्षिकेला ‘वचन दिले नव्हते’ असे सांगितले. ते त्याचे काम होते. ‘तुमची अपेक्षा कोणी घडवली आणि तिचे पुढे काय झाले’ हे सांगणे समीक्षेचे काम होते. ते अजून व्हायचे आहे.