दारचा कुत्रा कोणाचा?

एकत्र कुटुंबाची शोभा कामांच्या वांटणींत असते. देवपूजा कोणीं करावी, दुधाचा हिशेब कोणीं ठेवावा, धाकट्यांचा अभ्यास कोणीं घ्यावा, हें न बोलतां ठरलेलें असतें व म्हणूनच पंधरा माणसांचें घर सुरळीत चालतें. परंतु पुष्कळ घरांत एक प्राणी असा असतो कीं, त्याच्यावर माया सर्वांची आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नाहीं. तो म्हणजे दारचा कुत्रा. आजोबा त्याला सकाळीं पोळी घालतात, मुलें त्याच्याशीं खेळतात, रात्रीं त्याच्या भुंकण्याच्या भरंवशावर सारें घर निर्धास्त निजतें. पण त्याला लस टोंचली आहे काय, असें विचारलें असतां सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत.

कुत्र्याविषयीं आपल्याकडे मुळींच अनादर नाहीं. वैश्वदेवाच्या वेळीं श्वानबळी काढण्याची चाल जुनी आहे; धर्मराजानें कुत्र्याला टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें, ही कथा लहान मुलांसहि ठाऊक असते. परभणीकरांना तर नामदेवांची आख्यायिका घरचीच वाटावी. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नरसी हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत असलें, तरी १९९९ सालीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तें परभणी जिल्ह्यांतच होतें. कुत्र्यानें भाकरी पळविली तेव्हां नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, कोरडी भाकरी खाऊं नकोस म्हणून. भाकरी गेली एवढ्यानें आपलें कर्तव्य झालें, असें त्यांना वाटलें नाहीं. जें उणें होतें तें पुरें करण्यासाठीं ते धांवले. आपण पोळी फेंकून दार लावून घेतों. आजच्या काळीं त्या पोळीवरचें तूप म्हणजे वेळेवर टोंचलेली लस होय.

लशीचें एवढें महत्त्व कां, हें सांगितलें पाहिजे. कुत्रा पिसाळणें, म्हणजेच रेबीज, हा रोग आपल्या वैद्यांस प्राचीन काळापासून माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत दंशानंतर रोग्यास पाण्याची भीति वाटूं लागते व असा रोगी वांचत नाहीं, असें वर्णन आहे. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं पॅरिस येथें जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचून प्रतिबंधाचा मार्ग दाखविला. तथापि एकदां लक्षणें दिसूं लागल्यावर मृत्यु जवळजवळ अटळ, ही स्थिति आजहि पालटलेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ५९ हजार माणसें या रोगानें मरतात व त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतांत. संशयित जनावर चावलेल्यांपैकीं शेंकडा ४० हीं पंधरा वर्षांखालील मुलें असतात.

या शेवटच्या आंकड्याकडे मातांनीं विशेष लक्ष द्यावें. मूल बोळांत खेळत असतां कुत्र्याचा दांत लागतो, ओरखडा लहान असतो, आणि घरीं रागावतील या भयानें तें गप्प बसतें. दंशापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, क्वचित् वर्षहि; तोंवर ओरखडा बुजलेला असतो व गोष्ट विसरलेली असते. म्हणून “कुत्रा चावला किंवा त्यानें ओरबाडलें तर कोणी रागावणार नाहीं, पण लगेच सांग,” हें वाक्य प्रत्येक घरांतल्या मुलास पाठ असावें.

जखमेवर हळद, चुना, तिखट किंवा तेल यांपैकीं कांहींहि लावूं नये. साबण व वाहतें पाणी यांनीं ती पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. पोटांत चौदा सुया घेण्याचा काळ केव्हांच गेला. आतां लस दंडांत देतात. स्नायूंत द्यावयाच्या नेहमींच्या क्रमांत पहिल्या दिवसास शून्य मानून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं ती घ्यावी लागते. जखमेंतून रक्त आलें असल्यास जखमेंतच द्यावयाचें निराळें औषधहि लागतें. कुत्रा घरचा असल्यास त्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु तेवढ्यासाठीं पहिली सुई लांबणीवर टाकूं नये.

आतां घरच्या कुत्र्याकडे वळूं. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें दुसरी, व पुढें दरवर्षीं एक. याची नोंद घरच्या औषधपाण्याच्या वहींत असावी. बाहेर नेतांना साखळी असावी. पिलें नको असतील तर वेळींच नसबंदीची शस्त्रक्रिया करवावी. कुत्री दोन महिन्यांतच वितें, आणि तिचीं पिलें पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडणें हें पाप तर आहेच, शिवाय तो आपला भार दुसऱ्याच्या दारीं टाकणें आहे. पाळलेल्या जनावराविषयीं निष्काळजीपणा करणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणें गुन्हाहि आहे. परभणींत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें जनावरांवर उपचार होतात. मराठवाड्यांतील फार थोड्या शहरांना असा शेजार लाभला आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न याहून जुना व बिकट आहे. मुंबईस १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचें काम चालविलें, तेव्हां पारशी लोक खवळून मोठा दंगा झाला होता. पुढें अनेक वर्षें कुत्रीं मारूनहि त्यांची संख्या हटली नाहीं; कारण जेथें उकिरड्यावर अन्न आहे तेथें एक कुत्रा गेला कीं त्याच्या जागीं दुसरा येतो. म्हणून २००१ च्या व त्यानंतर २०२३ च्या नियमांनीं कुत्रे धरून त्यांची नसबंदी करणें, रेबीजची लस टोंचणें व त्यांना मूळ जागीं सोडणें, हें काम स्थानिक संस्थांकडे सोंपविलें. ज्याच्या कानाचा तुकडा खुणेसाठीं काढलेला दिसेल त्याची शस्त्रक्रिया झाली, असें समजावें. एखाद्या भागांतल्या शेंकडा ७० कुत्र्यांस लस मिळाली तर रोगाची सांखळी तुटते, असें तज्ज्ञ सांगतात. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सुमारें पावणेतेरा लाख मोकाट कुत्रे होते. यावरून कामाचा व्याप ध्यानांत येईल. तेव्हां परभणीच्या महानगरपालिकेकडे किंवा जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील नगरपरिषदांकडे जातांना “कुत्रे मारा” असा अर्ज न देतां “आमच्या वॉर्डांत नसबंदी व लसीकरण केव्हां होणार” असा लेखी प्रश्न विचारावा व उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें.

नागरिकांचाहि यांत वांटा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं वाटेल त्या रस्त्यावर कुत्र्यांस खाऊं घालण्यास मनाई करून त्यासाठीं ठराविक जागा नेमण्यास सांगितलें. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशांत शाळा, रुग्णालयें व स्थानकें यांच्या आवारांतले कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवावेत असें म्हटलें. भूतदया सोडावी, असा याचा अर्थ नव्हे. घास घालावयाचाच तर मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व जिन्यापासून दूर घालावा, उष्टें तेथेंच कुजूं देऊं नये, आणि ज्या कुत्र्याला रोज घास घालतों त्याला धरून देण्याच्या दिवशीं आपणच पुढें व्हावें. कारण तो विश्वासानें येईल तो आपल्याच हाकेला.

आमची सूचना एवढीच कीं, हा लेख वाचून झाल्यावर रात्रीं जेवणें आटोपतांच घरच्या मंडळींनीं एक गोष्ट ठरवावी. थोरला मुलगा असो कीं धाकटी सून, एका माणसाच्या अंगावर कुत्र्याचें काम घालावें व पुढील लशीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्याच्या नांवासह लिहून ठेवावी. घरांत पंधरा माणसें आहेत म्हणून काम आपोआप होईल असें समजणें, हाच एकत्र कुटुंबाचा जुना दोष आहे. तारखेपुढें एक नांव लिहिलें गेलें म्हणजे लस वेळेवर होईल, आणि आजोबांची सकाळची पोळी मग कोरडी राहणार नाहीं.