हिमालयाच्या देशाची रिकामी झोळी

कालिदासाने 'कुमारसंभवा'चा आरंभ हिमालयाच्या वर्णनाने केला. आपल्या तीर्थयात्रा, आपल्या नद्या, आपल्या पुराणकथा यांतून हिमालय काढून टाकला तर मागे फारसे काही उरणार नाही. अशा या हिमालयाच्या देशाला हिवाळी आशियाई क्रीडास्पर्धेत आजवर एकही पदक मिळालेले नाही. आपण या क्षेत्रात नवखे आहोत, ही सबबही आपल्याला सांगता येणार नाही. १९८६ साली जपानमधील साप्पोरो येथे ही स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा तीत सहभागी झालेल्या अवघ्या सात पथकांमध्ये भारताचे पथक होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमधील हार्बिन येथे या मालिकेतील नववी स्पर्धा पार पडली. ३४ पथके त्यात उतरली. भारताने ५९ खेळाडू आणि २९ पदाधिकारी असे ८८ जणांचे पथक पाठविले. या स्पर्धेसाठी केंद्र सरकारने प्रथमच पूर्ण आर्थिक साहाय्य दिले, ही गोष्ट निश्चितच अभिनंदनीय आहे. पण त्याच 'प्रथमच' या शब्दात गतकाळाची कहाणीही दडलेली आहे. यापूर्वी तिरंगा घेऊन बर्फावर उतरलेल्या खेळाडूंनी पदरमोड करून, देणगीदारांचे उंबरठे झिजवून देशाचे नाव नोंदविले, हे आपण विसरता कामा नये.

शिव केशवन यांचे उदाहरण या संदर्भात पुरेसे बोलके आहे. मनालीजवळच्या या खेळाडूने १९९८ ते २०१८ या काळात सहा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला. त्यांचा खेळ ल्यूज, म्हणजे बर्फाच्या उतरत्या मार्गावरून घसरगाडीवर पाठीवर पडून वेगाने खाली येण्याचा. देशात असा एकही मार्ग नसल्यामुळे त्यांनी घसरगाडीला चाके लावली आणि हिमालयातील घाटरस्त्यांवर, वाहने आणि मेंढ्यांचे कळप चुकवीत सराव केला. अशा तयारीतून ते आशियाई विजेते झाले. २०१४ साली सोची येथे मात्र भारतीय ऑलिंपिक संघटनेवरील निलंबनामुळे त्यांना उद्घाटन सोहळ्यात ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालावे लागले. खेळाडूने तपश्चर्या करावी आणि संघटकांनी तिच्यावर पाणी ओतावे, असाच हा प्रकार होता.

आपल्याकडे उत्सव करण्याची हौस मोठी आहे. उत्सव संपल्यावर मांडवाची काळजी घेण्याची नाही. जानेवारी २०११ मध्ये पहिली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा डेहराडून आणि औली येथे झाली. त्यासाठी डेहराडूनला बंदिस्त, आंतरराष्ट्रीय दर्जाचे आइस रिंक उभारले गेले. स्पर्धा संपली, पाहुणे गेले, आणि ते रिंक वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. २०११ मध्ये दहा वर्षांचे असलेले एखादे मूल तेथे रोज सरावाला गेले असते, तर हार्बिनच्या वेळी ते ऐन उमेदीचे खेळाडू झाले असते. अशी एक संपूर्ण पिढी आपण कुलूपबंद केली. या रिंकचे पुनरुज्जीवन होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे आशियाई पातळीवरील शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग स्पर्धा झाली. उशिरा सुचलेल्या या शहाणपणाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ते टिकले पाहिजे.

हार्बिन येथे पुरुषांच्या कर्लिंगमध्ये दक्षिण कोरियाला नमवून फिलिपिन्सने सुवर्णपदक जिंकले. ज्या देशात बर्फ पडत नाही, त्याचे हे या स्पर्धेतील पहिले पदक. त्यांच्या यशामागे परदेशात वाढलेल्या आपल्या वंशाच्या खेळाडूंचा वाटा होता, हे खरे. पण आपल्या माणसांना हाक मारून एकत्र आणणे हेही संघटनकौशल्यच असते. आपल्याकडे तर माणसेही आहेत आणि बर्फही.

त्या माणसांनी काय करून दाखविले, याचे उत्तर लडाखच्या मुलींनी दिले आहे. गोठलेल्या तळ्यांवर, उसन्या साहित्यानिशी आइस हॉकी शिकलेल्या या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळविले. ज्यांच्या घरासमोर वर्षातील जेमतेम दोन महिने खेळण्याजोगा बर्फ असतो, त्यांनी हे केले.

सीमावर्ती प्रदेशाकडे केवळ लष्करी नकाशाच्या दृष्टीने पाहण्याची सवय आता सोडली पाहिजे. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकची मशाल गलवानच्या संघर्षात सहभागी असलेल्या चिनी लष्करी अधिकाऱ्याच्या हाती देण्यात आली आणि भारताने उद्घाटन व समारोप सोहळ्यांवर राजनैतिक बहिष्कार घातला. तो योग्यच होता. परंतु खरे उत्तर बर्फाच्या मैदानावर द्यावयाचे असते. सीमेवरच्या गावातील तरुणाला आपल्याच गावात पराक्रमाचे क्षेत्र मिळाले, तर ती गावे ओस पडणार नाहीत. आबाद गाव हाच सीमेचा पहिला पहारेकरी असतो.

वेळ मात्र थोडा आहे. सिमल्याच्या शंभर वर्षांहून जुन्या नैसर्गिक रिंकवरचा हंगाम वाढत्या तापमानाने आखडत चालला आहे. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठात २०२३ साली जमीन खचली, घरांना तडे गेले. तेव्हा हिमालयाच्या छातीवर काँक्रीट ओतून क्रीडानगरी उभारणे हा मार्ग नव्हे. मोजकी, पण बाराही महिने चालणारी कृत्रिम रिंक, लष्कर आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाकडे असलेल्या प्रशिक्षणाचा स्थानिक मुलांना लाभ, आणि पदाधिकाऱ्यांपेक्षा खेळाडूंच्या हाती असलेली संघटना, एवढे साधले तरी पुष्कळ होईल. महाराष्ट्रासारख्या बर्फ नसलेल्या राज्यातील मुले लेहला जाऊन स्केटिंगमध्ये पदके मिळवितात, यावरून इच्छाशक्तीची वाण नाही हे दिसतेच.

हिमालयाने आपल्याला नद्या दिल्या, संरक्षण दिले, ऋषी दिले. त्याच्या लेकरांना सरावासाठी बर्फाचा एक तुकडा वर्षभर राखून देणे, एवढे तरी ऋण आपण फेडावयास हवे.