हेडफोनमधले चौथे नाव

आकाशवाणीने आपल्याला एक चांगली सवय लावली: गाण्यासोबत गायक, गीतकार आणि संगीतकार अशी तीन नावे ऐकण्याची. या त्रयीविषयी माझी तक्रार नाही. परंतु जुनी हिंदी चित्रपटगीते हेडफोन लावून ऐकू लागल्यापासून माझे ठाम मत झाले आहे की, या यादीत चौथे नाव हवे. ते अरेंजरचे, म्हणजे वाद्यवृंद-संयोजकाचे. आणि ते उच्चारण्याची जबाबदारी इतरांहून आपणा गोमंतकीयांवर अधिक आहे.

दिवाणखान्यातील स्पीकरवर गाणे ऐकताना पंखा, रस्ता, भिंती हे सारे त्यात आपापला आवाज मिसळत असतात. लहान रेडिओवर तर डबल बेस जवळजवळ हरवूनच जाई. हेडफोन हा सारा मधला पसारा दूर करतो. साठच्या दशकातील आपली बहुतेक गाणी मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच ध्वनी जात असल्यामुळे गाणे डावी-उजवीकडे पसरत नाही, मस्तकाच्या मध्यभागी उभे राहते. तरीही पुढचे-मागचे अंतर स्पष्ट जाणवते. गायिका मायक्रोफोनच्या अगदी निकट, तिच्यामागे व्हायोलिनचा ताफा, त्याहून मागे कोरस. कोणी माइकपासून किती दूर बसावे, यावरच हा तोल बराचसा अवलंबून असे. नंतर दुरुस्तीला फारसा वाव नव्हता.

आपल्या व्यवसायातील मंडळींना अशी श्रवणविद्या नवी नाही. स्टेथोस्कोप प्रथम हाती आला तेव्हा शिक्षकांनी सांगितले होते, एका वेळी एकच ध्वनी ऐका: आधी पहिला, मग दुसरा, मग दोहोंमधली जागा. गाण्यालाही हीच रीत लावून पाहावी. 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) हा तर डॉक्टर आणि परिचारिकेचाच चित्रपट. त्यातील 'अजीब दास्ताँ है ये' एकदा केवळ कोरससाठी ऐकावे, एकदा तंतुवाद्यांसाठी, एकदा नुसत्या ठेक्यासाठी. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिने बहुधा चालीची नक्कल करीत नाहीत. गायनाच्या मागून स्वतःची निराळी ओळ घेऊन चालतात. चौथ्या वेळी सारे एकत्र ऐकताना लताबाईंचा स्वर पूर्वीपेक्षा एकाकी वाटतो. असे तुकडे पाडल्याने गाण्यातील रस जातो, असा आक्षेप एका स्नेह्यांनी घेतला होता. माझा अनुभव नेमका उलट आहे.

ही निराळी ओळ कागदावर उतरवणारे गृहस्थ म्हणजे सेबॅस्टियन डिसोझा. हे गोव्याचे. फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालवीत, नंतर मुंबईत आले. त्यांच्याच बरोबरीने ठेक्याची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर यांचेही गोव्याशी नाते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ही दोघे 'सहायक' म्हणून क्षणभर झळकत. तबकडीवर बहुधा तेवढेही नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले. प्यारेलालजींनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यातून गुरूचे नाव घरोघरी पोहोचवले. पण ते नाव म्हणजे एक खरा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक आहे? पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकलेली ही गोव्याची पोरे मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचली नसती, तर आपल्या चित्रपटसंगीताचा नाद फार वेगळा झाला असता.

वादकांचेही तसेच. 'आराधना'तील (१९६९) 'रूप तेरा मस्ताना' ऐकताना किशोरकुमारांच्या स्वराशेजारी श्वासासारखा उसळणारा अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा. 'आरजू'तील (१९६५) 'बेदर्दी बालमा'चा सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा.

मात्र ऐकावे ते मूळ ध्वनिमुद्रण. नवे ढोल चढवलेल्या किंवा कृत्रिम स्टिरिओ केलेल्या आवृत्त्या मला मानवत नाहीत. खरखर काढण्याच्या अतिउत्साहात व्हायोलिनची झिलई आणि गायकाचा श्वासही पुसला जातो. थोडी खरखर राहिलेली परवडते.

कान-नाक-घसातज्ज्ञ मित्रांचा रोष नको, म्हणून आवाजाच्या पातळीविषयीही लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा होतो. तपशील टिपण्यासाठी मोठा आवाज लागतही नाही. शांत वेळ लागते.

आपल्या स्नेहसंमेलनाची गीतसंध्या आता कराओकेवर होते. वाद्यमेळ परवडत नाही, हे मान्य. पण ज्या वाद्यरचनेच्या आधारावर आपण उभे राहून गातो, ती रचणाऱ्याचे नाव निवेदनात घ्यायला एक पैसाही लागत नाही. यंदाच्या निवेदिकाताईंकडे मी नऊ गाण्यांची यादी दिली आहे. ज्या गाण्यांच्या संयोजकाविषयी खात्री होती, तेथे नाव लिहिले आहे. उरलेल्या रकाना ज्येष्ठ सभासदांनी भरून द्यावा, अशी विनंती आहे.