‘असता तर’ची पळवाट

२६ ऑक्टोबर १९५१ रोजीं न्यूयॉर्क येथें रॉकी मार्सियानोनें जो लुईला आठव्या फेरींत लोळविलें. “हीच गांठ दहा वर्षें आधीं पडती तर?” हा प्रश्न मुष्टियुद्धाचे रसिक तेव्हांपासून चघळीत आले आहेत. आमच्या मतें हा वादच फोल आहे. दहा वर्षें आधीं मार्सियानो अठरा वर्षांचा पोर होता! शिवाय तारुण्य म्हणजे अजिंक्यत्व नव्हे. बावीस वर्षांच्या लुईला १९३६ सालीं श्मेलिंगनें बाराव्या फेरींत पाडलेंच होतें. उलट मार्सियानो ४९ लढतींत एकदाही न हरतां १९५६ सालीं निवृत्त झाला. त्याचा विजय ही केवळ प्रतिस्पर्ध्याच्या उतारवयाची देणगी म्हणणें अन्यायाचें आहे.

खरा प्रश्न निराळाच आहे. १९४९ सालीं निवृत्त झालेला हा वीर सदतिसाव्या वर्षीं रिंगणांत कां दिसावा? ज्यानें १९४२ सालीं दोन लढतींची कमाई आरमाराच्या व लष्कराच्या मदतनिधींस दिली, त्याच्याच मानेवर पुढें सरकारनें थकलेल्या प्राप्तिकराचें जूं ठेविलें, म्हणून! कल्पनेंतल्या लुईला जिंकवूं पाहणाऱ्यांनीं खऱ्या लुईची ही परवड आधीं आठवावी.