फाल्गुनातली तांबडी पालवी

ऑक्टोबर लागला की परदेशातल्या नातेवाइकांचे फोटो येऊ लागतात. व्हरमाँटच्या टेकड्या, लालभडक मेपल. आपण फोनवर अंगठा दाखवायचा आणि बाहेर बघायचं, तर कोल्हापूर अजून हिरवंगार, शिवारात ऊस उभा. आपल्याकडचा रंग माघ-फाल्गुनात येतो, तोही गाजावाजा न करता.

शिवाजी विद्यापीठाचं ८५३ एकरांचं आवार, त्यात वनस्पतिशास्त्र विभागाचं उद्यान. सकाळी फिरणाऱ्यांची इथे कमी नाही, पण बहुतेकांचं लक्ष रस्त्यावर, नाहीतर राजकारणात. मी झाडाखाली थांबलो की हमखास कुणीतरी विचारतं, "काय बघायलाय सर वर? पोळं बसलंय काय?"

पहिला मान देशी बदामाचा. झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाचं तेवढं परत ओढून घेतं, आणि मोठाली पानं लालबुंद होऊन खाली येतात. तामणीचं पानही गळण्याआधी तांबूस होतं. तामण म्हणजे आपलं राज्यपुष्प, म्हणून सगळे उन्हाळ्यातल्या जांभळ्या फुलोऱ्याची वाट बघतात. पानांना कोण विचारतो!

पण आपल्याकडची खरी शोभा जाणाऱ्या पानांपेक्षा येणाऱ्या पानांची. पिंपळाची पालवी तांब्याच्या झाकेची, पायरीची गुलाबीकडे झुकलेली, आंब्याची तर थेट वाइनच्या रंगाची. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं आणि अँथोसायनिन हे तांबडं रंगद्रव्य असतं. ते उन्हाचा मारा सोसायला मदत करतं, असं मानतात. किडीही त्यामुळे दूर राहतात का, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत.

तिकडे पानं उतरतात ती दिवस लहान होऊन थंडी पडली म्हणून. इकडे मुख्यतः जमिनीतली ओल आटते म्हणून. आणि तरी पिंपळ भर उन्हात, पावसाला तीन-चार महिने असताना, खोलवरच्या पाण्यावर नवी पानं काढतो. मेपलला मी कमी लेखत नाही, पण ही धमक निराळी.

अमेरिकेत कोणत्या आठवड्यात कुठे रंग भरेल याचे नकाशे निघतात. इथे तसा नकाशा काढायचा म्हटलं तर काढणाराच वेडा होईल. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ, एक अजून बोडका आणि शेजारचा तांब्यात न्हालेला. ज्याचं त्याचं पंचांग. त्यामुळे रविवारची एक सहल काढून भागत नाही. रोज त्याच वाटेनं जावं लागतं.

कोशिंब मात्र रानात बघावी. राधानगरी-दाजीपूरकडे अख्खं झाड इतकं लाल होतं की नवख्याला ती फुलंच वाटतात. जायचं असेल तर शिमग्याच्या आसपास निघा. पाडव्यापर्यंत थांबलात, तर ती बहुधा चारचौघींसारखी हिरवी झालेली असेल.