स्वभाव बदलला, की मेंदूला सूज?

हसतेखेळते मूल आठ-पंधरा दिवसांत ओळखू येईनासे होते. झोप उडते, ते विनाकारण चिडते, भेदरते, बोलणे तुटत जाते. पुढे झटके येतात, तोंड व हातपाय आपोआप हलू लागतात. घरात कोणी त्याला हट्ट म्हणतो, कोणी परीक्षेचा ताण, कोणी बाहेरची बाधा. आणि मोलाचे दिवस निघून जातात.

कधी कधी याचे कारण मेंदूचा दाह असतो. शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडेच मेंदूतील ‘एनएमडीए’ ग्राहकांवर उलटतात. डॉ. जोसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा उलगडा केला. पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत ही प्रतिपिंडे सापडतात. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्तद्रव बदलणे हे मुख्य उपचार होत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण दोन वर्षांत चांगले सावरले. उपचार लवकर सुरू झाल्यास लाभ अधिक होतो. मात्र सुधारणेला अनेक महिने लागतात.

म्हणून असा अचानक बदल दिसताच मुलाला रागावण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. दुकानाचा राहिलेला हिशेब उद्या लागतो. हातून गेलेले हे दिवस मात्र परत येत नाहीत.